मॅनिफोल्डची काजळी: स्प्रे मारावा की खोलावं?

डिझेल गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळी आणि ब्रीदरचं (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेल मिळून डांबरासारखा थर बसतो. नाशिकच्या द्वारका सर्कलच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये जरा लवकरच.

सफाईचा स्प्रे म्हणजे अर्ध्या तासाचं काम. इंजिन चालू ठेवून, एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आणि टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) या दोन्हींच्या नंतर, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात, थोडा-थोडा मारायचा. एकदम जास्त गेला तर इंजिन त्यावरच बेफाम पळतं, चावी काढली तरी! शिवाय जाड थर यानं हलत नाही.

खोलायचं तर शनिवार-रविवार धरा. मॅनिफोल्ड काढल्यावर हेडची (इंजिनाचा वरचा भाग) उघडी छिद्रं कापडानं बुजवा. सेन्सर, रबर काढून मग मॅनिफोल्ड रात्रभर डिझेलमध्ये भिजवा, नायलॉन ब्रशनं घासा. कॉस्टिक सोडा अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खातो. जोडावरचं गॅस्केट (हवाबंद पट्टी) नवंच, जुन्यातून हवा गळते. आत बोट फिरवून थर जाड लागला, तर सरळ खोलाच.