पंढरीची वारी, चौरागडचा महादेव का नर्मदा परिक्रमा? शेती असलेल्या माणसानं कोणती वाट धरावी

गावात कोणी म्हटलं की यंदा पायी जायचं मनात आहे, की चार जण लगेच 'कुठं' विचारतात, 'कधी' कोणी विचारत नाही. खरं तर आपल्या वऱ्हाडातल्या माणसाचं सगळं 'कधी'वरच अडतं. पंढरपूरची वारी निघते ऐन पेरणीच्या तोंडावर, पचमढीच्या चौरागडचा महादेव येतो माघात, तूर घरात आली की, आणि नर्मदा परिक्रमेला लोकं निघतात कार्तिकी एकादशीनंतर, म्हणजे तेव्हा इकडं कापूस वेचायला माणूस मिळत नसतो. म्हणून श्रद्धा कुठं जास्त आहे ते नंतर पाहू, आधी आपलं शेत कोणत्या महिन्यात आपल्याला सोडतं ते पाहा.

वारीपासून सुरू करतो कारण विचारणारे जास्त तिचेच असतात. आपल्याकडून दोन मोठ्या पालख्या आहेत. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी जाते, आणि कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी, तिची परंपरा १५९४ पासून सांगतात, सदाराम महाराजांनी सुरू केलेली. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर, त्यामुळं या पालखीसोबत जाणारा माणूस माहेरची साडी घेऊन लेकीकडं चालल्यासारखा चालतो, त्या चालण्यात एक घरचेपणा आहे. शेगावची पालखी म्हणजे शिस्त. पांढरे कपडे, रांगेत पताका, टाळकऱ्यांची जागा ठरलेली, पहाटे निघायची वेळ म्हणजे वेळ. रांगेतले वारकरी आधीच ठरलेले असतात, आपण उठून उद्या सकाळी त्यात घुसू असं होत नाही. मागून चालणारे असतात, पण मग जेवणाझोपेचं आपलं आपण पाहायचं. ज्याला कोणाचं ऐकून चालायची सवय नाही त्यानं शेगावच्या पालखीत आपला स्वभाव एकदा तपासून घ्यावा, हे मी चेष्टेनं म्हणत नाहीये.

अंतर म्हणाल तर शेगाव ते पंढरपूर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, महिन्यावर दिवस लागतात. अकोला, पातूर, रिसोड, मग औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा. म्हणजे अर्धी वाट मराठवाड्याची. आणि ही पालखी परत पण पायीच येते, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव करत. पूर्ण केलं तर दोन महिने गेले. बहुतेक लोकं पंढरपूरहून एसटीनं नाही तर रेल्वेनं घरी येतात, त्यात काही कमीपणा नाही.

आता उन्हाचं. इथं एक गोष्ट लोकं पाहतच नाहीत, ती म्हणजे पंचांगातला अधिक महिना. २०२३ ला आषाढी आली २९ जूनला, म्हणून शेगावची पालखी २६ मे ला निघाली, म्हणजे नवतपा, मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. २०२४ ला आषाढी १७ जुलैला, निघाली १३ जूनला. त्याच वाटेवर त्याच पालखीत एका वर्षी चव्वेचाळीसचं ऊन आणि दुसऱ्या वर्षी अकोला सोडेपर्यंत ढग. पहिल्यांदा जाणार असाल तर ज्या वर्षी आषाढी जुलैच्या मध्यात किंवा त्यापुढं आहे तेच वर्ष धरा. अधिक महिना आषाढाच्या आधी पडला की आषाढी पुढं सरकते, कॅलेंडर काढून पाच मिनिटात कळतं. पण एक आहे, उशिरा निघालं की ऊन टळतं, पेरणी काही टळत नाही. मृग लागला की पाऊस कधी येईल आणि वाफसा कधी होईल ते कोणाच्या हातात नाही, आणि तुम्ही तेव्हा रिसोडच्या पुढं असणार. फोनवर पोराला सांगून सोयाबीन पेरता येते, पण ज्याला सांगायचं तो पोरगा घरी पायजे.

ऊन अंगावर येतं ते डोक्यावरून कमी आणि खालून जास्त, हे चालल्याशिवाय कळत नाही. दुपारी बारा नंतर डांबर मऊ पडतं, चपलेचा तळ चिकटतो, पाऊल उचलताना चर्र आवाज येतो आणि भट्टीची झळ पोटरीपर्यंत लागते. म्हणून दिंड्या पहाटे चालतात, दुपारी शाळेत नाही तर झाडाखाली पडतात आणि ऊन कललं की परत निघतात. खिशात कांदा ठेवून काही होत नाही बाप्पा, तो भाकरीसोबत खा. डोक्याला ओला दुपट्टा, दर पाऊण तासानं चार घोट पाणी, आणि नुसतं पाणी पाणी करू नका, घामात मीठ जातं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्ये, नाहीच मिळालं तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट भरलेला. सोबतचा माणूस बरळायला लागला आणि अंग तापलं तर, घाम येत असो का नसो, त्याला सावलीत टाका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतायला जाऊ नका. त्यावेळी 'माऊली नेईल पार' म्हणत चालवत नेणारे पण असतात, त्यांचं ऐकू नका.

पायाचे फोड. वारीत जुनी बायामाणसं सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोऱ्याची दोन टोकं तशीच लोंबत ठेवतात, रात्रभर पाणी झिरपून सकाळी फोड बसलेला असतो. लोकांना गुण येतो हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून दिवसभर रस्त्याची धूळ आत जाते, शुगरवाल्यानं तर हे करूच नये. सुई निर्जंतुक करून कडेला बारीक भोक पाडा, पाणी काढा, वरची कातडी काढू नका, पट्टी लावा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे घरूनच एक नंबर मोठा बूट घ्या, तो महिनाभर शेतात जातायेता घाला, आणि चालायच्या आधी बोटांत आणि मांड्यांत व्हॅसलिन चोळा. मांड्या घासून सोलतात हे कोणी सांगत नाही, लाजतात.

महादेवाची गोष्ट सगळी वेगळी. चौरागड पचमढीत, सातपुड्यात, मध्य प्रदेशात, पण महाशिवरात्रीला तिथं आपलीच बोली ऐकू येते. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडची लोकं पिढ्यानपिढ्या जातात. आता बहुतेक जण गाडीनं पचमढी गाठून फक्त शेवटचा डोंगर चढतात, हजारावर पायऱ्या आहेत, पण पायी जाणारे अजून आहेत. पांढुर्णा, छिंदवाडा, जुन्नारदेव. जुन्नारदेवजवळ विशाल्याला पहिली पायरी म्हणतात, तिथून पुढं भुराभगत आणि मग डोंगर, नाले, साग, मोह. आपल्या वरुडकडून रोज वीस-पंचवीस किलोमीटर धरले तर आठ-दहा दिवसांचं काम आहे. तूर काढून झालेली, हरभरा असेल तर त्याचं तेवढं पुढंमागं करावं लागतं, संत्र्याचा आंबिया बहार फुटलेला असतो त्याला पाणी द्यायला एक माणूस लागतो, बाकी शेत अडवत नाही. दिवसा ऊन चटका देतं पण मारत नाही आणि रात्री पचमढीत थंडी वाजते, एक जाड चादर नेलीच पायजे.

पण जंगल इथं खरं आहे. वारीत तुम्ही गावागावातून जाता, कोणीतरी पाणी घेऊन उभं असतंच. इकडं दोन वस्त्यांमध्ये काहीच नसतं, पाणी अंगावर वाहायचं, दोन लिटर तरी. पहिली भीती लोकांना वाघाची, पण मला विचाराल तर अस्वलाची जास्त धरावी. मोह गळायला लागला की पहाटे आणि सांजेला अस्वल झाडाखाली असतं, त्याला दिसतं कमी, अचानक समोर गेलात तर तेच अंगावर येतं. म्हणून अंधारात चालायचं नाही, चार-सहा जणांनी मिळून चालायचं आणि तोंडानं 'हर हर महादेव' चालू ठेवायचं, देवाचं नाव पण होतं आणि जनावर पण बाजूला होतं. दुसरं आग्या मोहोळ. कपारीत पोळं दिसलं की तिथं धूप-उदबत्ती-बिडी काहीच नाही. चौरागडावर वाहायला नवसाचा त्रिशूळ नेणार असाल तर वजनाचा विचार करून नवस बोला, लोकं जोशात मणाचा त्रिशूळ करून घेतात आणि मग पाळीपाळीनं खांदा द्यायला पूर्ण गाव सोबत न्यावं लागतं. खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवतात तरी कातडी जातेच.

पचमढीच्याच नागद्वारीच्या यात्रेला पण बरेच जण याच्यासोबत मोजतात, पण ती पावसाळ्यातली, नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस तेवढीच वाट उघडते, दोन दिवसांत होते. घसरण आहे, ऊन नाही. तिचा विचार वेगळा करा.

परिक्रमा. हिच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात कमी लोकं निघतात, आणि ते बरोबरच आहे. नर्मदा १३१२ किलोमीटरची, दोन्ही काठ धरले की सव्वीसशे, आणि वाट सरळ नसल्यानं प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. शास्त्रानं तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, आताची लोकं चार-सहा महिन्यांत करतात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठंही ओलांडायची नाही, फक्त समुद्राजवळ विमलेश्वरहून नावेनं पलीकडं मिठी तलाईला, ते पण भरती पाहून नाव सुटते. चातुर्मासात चालायचं नाही. सामानाला ट्रक नाही, जे आहे ते पाठीवर. आश्रमात, गावात सदावर्त मिळतं, काही ठिकाणी शिजवलेलं, काही ठिकाणी शिधा हातात देतात आणि चूल आपली. ज्यानं घरी कधी पोळी लाटली नाही त्यानं आधी दोन महिने घरी शिकावं.

रानाचं म्हणाल तर शूलपाणीची झाडी, बडवानीच्या पुढं आपल्या नंदुरबारच्या धडगाव भागातून गुजरातपर्यंत. पूर्वी तिथं परिक्रमावाल्याला लुटून नेसत्या वस्त्रावर सोडत असं सगळे सांगतात, आता तेच भिल्ल लोकं घरात बोलावून भाकरी देतात. डोंगर मात्र तेच आहेत, आणि सरदार सरोवराच्या पाण्यानं काठाची जुनी वाट बुडाल्यामुळं वरून फिरावं लागतं. ओंकारेश्वरहून कार्तिकात निघालं तर ही झाडी थंडीत निघून जाते, ऊन लागतं ते शेवटी, अमरकंटक करून परत येताना हरदा-खंडव्याकडं, फाल्गुन-चैत्रात, अंग आधीच थकलेलं असताना. अर्ध्यावर सोडून आलेल्या माणसांना विचारलं तर पाय दुखले म्हणून आले असं क्वचितच कोणी सांगतं, घरून फोन आला म्हणून आले असंच सांगतात. कोणी आजारी, कुठं जमिनीची तारीख, कुठं पोरीला पाहायला पाहुणे. पाच महिने घर तुमच्यावाचून चालतं का, याचं उत्तर बायकोकडून घ्या, स्वतःकडून नको.

पैशाचं पटकन सांगतो. दिंडीत भिशी भरली की जेवण आणि सामानाचा ट्रक त्यात येतो. महादेवाला आपली आपली शिदोरी आणि वाटेतले भंडारे. परिक्रमेत रोजचा खर्च जवळपास नाहीच, पण घरची पाच महिन्यांची कमाई बुडते, तो खर्च कोणी धरत नाही.

तर माझं मत. ज्याच्याकडं पाच-सात एकर आहे, स्वतः राबतो, आणि पहिल्यांदाच जायचंय, त्यानं महादेव पायी करावा. दिवस कमी, ऊन सोसवण्यासारखं, शेत मोकळं, आणि आपल्याला खरंच रोज चालवतं का ते कळून जातं. पोरगा शेत सांभाळतो किंवा पाडव्यालाच भरवशाचा सालदार ठरवला आहे अशा पन्नाशी-साठीच्या माणसानं वारी, आणि एकट्या बायांनी पण वारीच, कारण सोबत आणि रात्रीचा निवारा याचा प्रश्न तिथं सगळ्यात कमी येतो, फक्त पहाटे अंधारात आडोसा शोधायची तयारी ठेवा, आपल्या मार्गांवर संडासाची सोय अजून जेमतेमच आहे. शुगर, बीपी, हृदयाचं औषध चालू असेल तर डॉक्टरला गोळ्यांबद्दल विचारल्याशिवाय उन्हाची वाट धरू नका, लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि ज्येष्ठाचं ऊन हे दोन्ही मिळून माणूस लवकर सुकतो. परिक्रमा त्यानं करावी ज्याच्यामागं कोणी वाट पाहत अडून बसलेलं नाही, आणि आधी यातली एखादी छोटी वाट पायाखालून गेलेली आहे.

यातलं काहीच ठरत नसेल तर शेगावची पालखी परत येते तेव्हा शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव चालून पाहा, सतरा-अठरा किलोमीटर आहे, गर्दी तुफान असते, एका दिवसात घरी. आणि वारीचं पक्कं झालंच तर दिंडीवाल्यांकडं अक्षय तृतीयेच्या आधी नाव द्या, त्यानंतर ते माणसाला हो म्हणतात पण ट्रकमध्ये वळकटीला जागा देत नाहीत.