‘जर्मन ग्रे’च्या नावाखाली येणारा नकली रंग

एका बाटलीच्या भावात तीन, ही जाहिरात दिसली की हात आखडता घ्या. फोटोत तामिया या जपानी कंपनीचा, रणगाड्यांची प्लास्टिक मॉडेलं रंगवायचा ‘जर्मन ग्रे’, म्हणजे एक्सएफ-६३ असतो आणि घरी येते ३० मिलीची ड्रॉपर बाटली, वर झेरॉक्सचं लेबल. विक्रेता म्हणतो, ‘मोठ्या बाटलीतून काढून भरलाय, माल अस्सलच आहे.’ आत निघतो हस्तकलेचा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक, काळ्यात पांढरा कालवलेला.

ही लबाडी राखाडीतच खपते. जुलै १९४० पासून फेब्रुवारी १९४३ पर्यंत जर्मन रणगाड्यांवर असलेला डुंकेलग्राउ, म्हणजे आरएएल ७०२१, जवळजवळ काळाच. बाटलीत बघून खरा-खोटा कोण सांगणार? शिवाय १:३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढ्या, मॉडेलवर तो आणखी गडद दिसतो म्हणून सगळेच त्यात पांढरा घालतात. छटा चुकली तरी दोष स्वतःच्या मिश्रणाला.

बेस कोटला, म्हणजे पहिल्या सलग थराला, संशय येत नाही. लॅकर थिनर घातल्यावर गुठळ्या झाल्या, तर माणूस पाणी घालून बघतो, आणि मग रंग एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनच्या) ०.३ मिमी नोझलमधून २० पीएसआय दाबाला कसाबसा निघतो. बिंग फुटतं शेडिंगला, म्हणजे छटा फिकी-गडद करताना. पत्र्यांच्या मधल्या भागासाठी त्याच राखाडीत अस्सल एक्सएफ-२ पांढरा टाकला की कपातलं मिश्रण दूध नासावं तसं फुटतं. तामियाचा रंग अल्कोहोलवर चालतो, हा पाण्यावर. दोघांचं जमत नाही. दाब १२-१५ वर आणून बारीक फवारा मारायला जावं, तर जाड रंगकणांचे शिंतोडे उडतात. मास्किंग टेप काढताना पापुद्रा निघतो तो वेगळाच.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: ‘थिनर चुकीचं वापरलंत, उघडलेली बाटली परत घेत नाही.’ तोवर परतीची मुदतही संपलेली असते, कारण किट जुळवून रंगापर्यंत यायला महिना जातो.

म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी, व्हिडिओ न तोडता, पांढऱ्या बशीत रंगाचा १ थेंब आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचे ३ थेंब टूथपिकने ढवळा. एक्सएफ-६३ सरळ पातळ होतो; नकली टूथपिकला रबरासारखा चिकटतो. (व्हॅलेहो या दुसऱ्या कंपनीचा खरा रंगही असाच गोठतो, तेव्हा ही परीक्षा तामिया म्हणून विकलेल्या बाटलीपुरतीच.) अस्सल बाटली काचेची असते, १० किंवा २३ मिलीची. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश छापणं बंधनकारक आहे. काढून भरलेल्या बाटलीवर यातलं काहीच नसतं. त्याचाही फोटो काढा.

नोझल तुंबलं असेल तर आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, थिनर नंतर. उलट केलंत तर गुठळी घट्ट बसते. मॉडेलवरचा थर आयसोप्रोपिल आणि मऊ टूथब्रशने उतरतो. लॅकर थिनरमध्ये मात्र बुडवू नका, प्लास्टिक विरघळेल.

ऑनलाइन खरेदी असेल तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. तक्रार गेल्यावर जाहिरातीतला फोटो बदलायला वेळ लागत नाही.