ऑक्सफर्डच्या कोशातलं झेड: एका अक्षराचं सलग वाचन

'झेनिथ' या इंग्रजी शब्दात एक चूक दडलेली आहे. अरबी खगोलशास्त्रज्ञ डोक्यावरच्या बिंदूला 'सम्त अर्-रास' म्हणत, म्हणजे डोक्यावरची वाट. आपल्या पंचांगकर्त्यांचं खस्वस्तिक. हा 'सम्त' लॅटिन पोथ्यांत उतरला तेव्हा त्यातला 'एम' तीन उभ्या रेघांनी लिहिला जाई. त्या काळच्या हस्ताक्षरात 'एन' आणि 'आय' शेजारी शेजारी आले की त्यांच्याही तीनच उभ्या रेघा होत, कारण 'आय'वर टिंब देण्याची सक्ती नव्हती. कुणीतरी 'सेम्त'चं 'सेनित' वाचलं, पुढच्यानं तसंच उतरवलं, आणि ते फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन 'झेनिथ' झालं. बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलेली हकीकत ही अशी आहे. याच 'सम्त'चं अनेकवचन 'अस्-सुमूत' मात्र नीट वाचलं गेलं, म्हणून 'ॲझिमथ' (दिगंश) या शब्दातला 'एम' शाबूत राहिला. एकाच घरचे दोन शब्द, त्यातल्या एकाचा मुद्रितशोधक डुलकी घेत होता.

मी स्वतः मुद्रितशोधनाचं काम करते. काने, वेलांट्या, अनुस्वार, नावांची स्पेलिंग हेच माझं रोजचं शेत. त्यामुळे कोश निवडताना माझा प्रश्न ठरलेला असतो: यानं दिलेली माहिती कुठून आली ते मला दिसतं का? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या ऑनलाइन आवृत्तीची वर्गणी भरल्यावर याची परीक्षा घ्यायची म्हणून मी एक अख्खं अक्षर सलग वाचलं. चार शब्द शोधून पाहिले तर कोणताही कोश चांगलाच वाटतो. झेड घेतलं, कारण ते आटोपशीर आहे आणि त्यातली गर्दी बहुतेक अनोळखी शब्दांची आहे. सामान्य इंग्रजी वाचकाला त्यातले झू, झीरो, झोन, झिप, झेब्रा एवढेच चेहरे माहीत असतात.

आधी या कोशाबद्दल थोडं. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादनाची सूत्रं घेतली, १८८४ मध्ये 'ए'पासूनचा पहिला भाग निघाला आणि पूर्ण कोश व्हायला १९२८ उजाडलं. मरे १९१५ मध्येच गेले. एक्स, वाय, झेड ही अक्षरं सी. टी. अनियन्स या संपादकांनी १९२१ मध्येच हातावेगळी केली होती. अडकून पडलं होतं ते डब्ल्यू, आणि कोश संपला तो त्याच अक्षराशी. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीचे वीस खंड आहेत. २००० पासून कोश ऑनलाइन आहे आणि त्याच वर्षी नव्यानं तपासलेल्या नोंदी 'एम'पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. तपासणीचं हे काम अजून चालू आहे.

एक अक्षर सलग वाचायची सोय शोधाच्या प्रगत पानावर आहे. शोधाच्या चौकटीत झेड लिहून पुढे तारांकन द्यायचं, की सगळ्या नोंदी रांगेत येतात. मग शब्द कोणत्या भाषेतून आला, इंग्रजीत पहिल्यांदा कधी दिसला, याप्रमाणे त्या गाळता येतात. प्रचारातून गेलेल्या शब्दाशेजारी छोटा क्रूस असतो. पण खरा ऐवज असतो तो अर्थाखालच्या अवतरणांत. शब्द कोणत्या साली, कोणत्या पुस्तकात, कोणत्या वाक्यात सापडला, ते क्रमानं मांडलेलं असतं. आधी अर्थ वाचून मग अवतरणांकडे जाण्याची माझी सवय या वाचनात मोडली. आता मी अवतरणं आधी वाचते.

एका नोंदीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. 'झेन्झिझेन्झिझेन्झिक'. इंग्रजीत लिहिला तर या एका शब्दात सहा झेड येतात. दुर्मिळ शब्दांच्या प्रत्येक फुकट यादीत तो सापडतो. अर्थ दिलेला असतो 'आठवा घात' आणि पुढे उद्गारचिन्ह. म्हणजे दोनाचा असा घात २५६. एवढं वाचलं तर हा शब्द कुणीतरी गंमत म्हणून रचला असेल असं वाटतं. कोश मात्र तुम्हाला १५५७ सालात नेतो, रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणितज्ञाच्या पुस्तकाकडे. आज जगभर वापरलं जाणारं बरोबरीचं चिन्ह, दोन समांतर आडव्या रेघा, ज्या पुस्तकात पहिल्यांदा छापलं गेलं तेच हे पुस्तक. घातांक वर छोट्या आकड्यात लिहायची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणून घात शब्दांत सांगावे लागत. वर्ग म्हणजे 'झेन्झिक'. वर्गाचा वर्ग, त्याचाही वर्ग, म्हणून तो शब्द तीनदा.

आणि 'झेन्झिक' कुठून आला? अरबी बीजगणितात अज्ञात राशीच्या वर्गाला 'माल' म्हणत. माल म्हणजे धन, मालमत्ता. आपणही तो शब्द त्याच अर्थानं वापरतो. लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा 'सेन्सस' केला, कारण त्या शब्दात संपत्तीच्या मोजदादीचा अर्थ होता. इटालियनांनी त्याचा 'चेन्सो' केला, जर्मन गणितज्ञांनी झेड लावून लिहिला आणि तिथून रेकॉर्डनं उचलला. एका विचित्र दिसणाऱ्या शब्दाच्या पोटात बगदादपासून लंडनपर्यंतचा बीजगणिताचा प्रवास आहे. पुढे घातांक लिहायची सुटसुटीत पद्धत आली आणि या शब्दाची गरजच संपली. त्यात हास्यास्पद काही नाही. चिन्ह नसताना माणसानं भाषेकडून जेवढं काम करून घेता येईल तेवढं घेतलं.

म्हणून मला त्या फुकट याद्यांचा राग येतो, आणि तो मी इथे स्पष्ट लिहिते. अक्षरवार दुर्मिळ शब्द, शेजारी चार शब्दांत अर्थ, मुळाच्या जागी 'ग्रीक' किंवा 'अरबी' असा एक शिक्का. साल नाही, वाक्य नाही, कुणी वापरला ते नाही. एका यादीतली चूक दुसरीत जशीच्या तशी उतरते आणि वाचकाकडे ती पकडायचं साधन नसतं. 'झेनिथ'च्या वेळी पोथ्यांत जे झालं तेच आज पडद्यावर होतं आहे. फरक इतकाच, की पोथी उतरवणाऱ्यासमोर ताडून पाहायला दुसरी प्रत नसायची. आपल्यासमोर आहे.

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात लिहून ठेवलं की मूळचा इंग्रजी असा एकही शब्द झेडनं सुरू होत नाही. ढोबळमानानं ते खरं आहे. ग्रीक, अरबी, फारसी, जर्मन, इटालियन अशा पाहुण्यांनीच हे अक्षर भरलं आहे. पण सलग वाचताना दोन घरचे शब्द हाती लागले आणि फार आनंद झाला. पहिला 'झॅक्स'. छपरासाठी दगडी पाट्या तासायचं आणि त्यांना भोकं पाडायचं हे हत्यार. मूळ जुना इंग्रजी शब्द 'सेआक्स', म्हणजे सुरा. सॅक्सन लोकांचं नाव याच सुऱ्यावरून पडलं असावं असं मानतात. इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या बोलींत शब्दारंभीचा 'एस' झेडसारखा घोगरा होई, म्हणून 'सॅक्स'चा 'झॅक्स'.

दुसरा शब्द त्याहून मोलाचा. छापील कोशाच्या विसाव्या खंडाच्या पाठीवर शेवटचा शब्द म्हणून 'झिक्स्ट' लिहिलेला आहे. तो 'पाहणे' या साध्या क्रियापदाचं इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या बोलीतलं जुनं रूप: तू पाहतोस. तिथेही 'एस'चा झेड झालेला. या बोलीची उत्तम साक्ष म्हणजे तिथल्या एका भिक्षूनं १३४० साली फ्रेंचमधून आपल्या बोलीत आणलेला नीतिग्रंथ. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. काही याद्यांत 'झिक्स्ट'पुढे नुसतं 'पाहणे' असं दिसतं. पुरुष, वचन, काळ, बोली सगळं गळून जातं आणि उरतं ते खोटं. परक्या शब्दांच्या या अक्षराच्या अगदी टोकाला, इतकी वर्षं, खेड्यातल्या माणसाच्या तोंडचं क्रियापद उभं होतं.

आता ते टोकाला नाही. २०१७ मध्ये 'झिझिव्हा' आला. दक्षिण अमेरिकेतल्या, ताडाच्या जातीच्या झाडांवर सापडणाऱ्या सोंडकिड्यांचा हा वंश. थॉमस लिंकन केसी या कीटकतज्ज्ञानं १९२२ मध्ये त्याला हे नाव दिलं. किड्याच्या आवाजावरून असेल, असा तर्क करतात.

झेडमधली आणखी एक चूक थेट छापखान्यातली आहे. स्कॉटलंडमध्ये 'योख' नावाचं एक जुनं अक्षर होतं. त्याचा उच्चार बरेचदा 'य'च्या जवळचा, आकार मात्र शेपटीवाल्या झेडसारखा. छापखान्यात त्याचा खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, नसे, म्हणून जुळारी झेडचा खिळा लावत. शेटलंड बेटांचं 'झेटलंड' झालं ते असं, आणि १९७५ पर्यंत सरकारी कारभारात तेच नाव चालू राहिलं. खिळा नव्हता एवढ्या कारणावरून एका मुलखाचं नाव बदललं, हे वाचून छपाईच्या धंद्यातल्या कुणालाही रात्रभर झोप लागणार नाही.

आपल्या ओळखीचे शब्दही इथे भेटतात. 'झनाना', 'झमिनदार', 'झिला'. पहिल्या दोघांबद्दल नवं काही सांगण्यासारखं नाही. तिसरा आपला जिल्हा, आणि त्याच्या मुळाशी अरबी शब्द आहे तो बरगडीचा. बरगडी, मग बाजू, मग मुलखाची एक बाजू. हा शब्द आपण पत्त्यात, अर्जांत, बातम्यांत इतक्या वेळा लिहितो आणि त्यातली बरगडी मला एका इंग्रजी कोशाच्या निमित्तानं दिसली. 'झीरो'ची वाट सर्वांना ठाऊक असते: शून्य, अरबी 'सिफ्र', लॅटिन 'झेफिरम', इटालियन 'झेरो'. 'झ्युग्मा' त्याहून जवळचा निघाला. एकाच क्रियापदाला दोन वेगळ्या जातीची कर्मं जुंपायच्या अलंकाराचं हे ग्रीक नाव. ग्रीकमध्ये 'झ्युग्मा' म्हणजे जुंपणं. संस्कृतातले युग आणि योग त्याचे सख्खे, म्हणून बैलांच्या मानेवरचं आपलं जूही त्याच घराण्यातलं. 'झायगोट', म्हणजे फलित बीजांड, सुद्धा.

बाकीच्यांपैकी 'झार्फ' उपयोगी आहे: बिनकानाच्या गरम पेल्याला धरायची धातूची बाहेरची वाटी, अरबीत नुसतं 'भांडं'. 'झुगझ्वांग' बुद्धिबळ खेळणाऱ्यांना माहीत असतो, जी खेळी करावी ती नुकसानीचीच आणि न खेळण्याची मुभा नाही अशी अवस्था. 'झोइलिझम' म्हणजे उगाच खोड्या काढणारी टीका. होमरवर कोरडे ओढणाऱ्या झोइलस या ग्रीक टीकाकारावरून तो आला. परीक्षण लिहिताना हा शब्द मी टेबलाजवळ लिहून ठेवला आहे.

आता उणं. झेडच्या बऱ्याच नोंदींखाली प्रथम प्रसिद्धीचं साल १९२१ दिसतं, आणि नव्यानं तपासणी व्हायची आहे असं नमूद केलेलं असतं. म्हणजे पैसे आजचे, पण समजावणी शंभर वर्षांपूर्वीची. हे लपवलेलं नाही, ही जमेची बाजू. तरी आपल्याकडून गेलेल्या शब्दांच्या बाबतीत मला ते जास्त खटकतं. तिथे ताज्या नजरेची गरज आहे. अरबी-फारसी मुळं रोमन लिपीतल्या खुणांनी दिलेली असतात, त्या खुणा शिकायला वेळ द्यावा लागतो. सभासद नसाल तर नोंदीचा थोडाच भाग उघडतो. आणि छापील खंडाचं पान उलटताना शेजारचा शब्द आपोआप डोळ्यांत भरतो, ते सुख पडद्यावर नाही; रांगेतून प्रत्येक नोंद वेगळी उघडावी लागते.

अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन करणाऱ्यांनी आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांनी ही वर्गणी भरावी असं माझं मत आहे. नुसता अर्थ हवा असेल तर भरू नये, त्याला साधे कोश पुरेसे आहेत. वर्गणी परवडत नसेल तर आधी आपल्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात चौकशी करा. अनेक ग्रंथालयं सभासदांना हा कोश स्वतःच्या खात्यातून उघडून देतात. जुन्या ग्रंथालयात वीस खंडांचा संच असेल तर शेवटचा खंड मागून घ्या. त्यात सुरुवात 'वेव्ह'पासून आहे, झेडची पानं अगदी मागे. ऑनलाइन वाचणार असाल तर पहिल्या दिवशी 'झेनिथ' आणि 'ॲझिमथ' या दोन नोंदी शेजारी शेजारी उघडून अवतरणांची सालं ताडून पाहा. पुढचं अक्षर म्हणून मी 'क्यू' घेतलं आहे.