दुसरा थर्मिस्टर नुसता चिकटवलेला

सातपूर एमआयडीसीत आमचं डक्टिंगचं काम. गंगापूर रोडच्या एका हॉलच्या फ्रेश एअर डक्टसाठी, म्हणजे बाहेरची हवा आत आणणाऱ्या नळीसाठी, थर्मल एअर फ्लो सेन्सर (हवेचा वेग मोजणारे) हवे होते. अंबडच्या एका पुरवठादारानं नावाजलेल्या मालाच्या चौथाई भावात दिले. वर ‘टेंपरेचर कॉम्पेन्सेटेड’ (हवा गार-गरम झाली तरी रीडिंग बिघडत नाही) असं छापलेलं, सोबत एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) शिक्क्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट.

या सेन्सरच्या टोकाला मण्याएवढे दोन थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारे भाग, असतात. एक गरम ठेवतात. हवा जितक्या जोरात वाहते तितकी त्याची उष्णता जाते, त्यावरून वेग निघतो. दुसरा फक्त हवेचं तापमान बघतो. तो नसेल तर हवा जोरात आहे की नुसतीच गार, हे सेन्सरला कळणार कसं?

नाशिकची थंडी सुरू झाली आणि पितळ उघडं पडलं. सकाळी पारा 10 च्या आसपास, दुपारी 28-30. पंख्याचा वेग ठरवणारा व्हीएफडी 40 हर्ट्झवर लॉक केला, तरी सकाळी सेन्सर भरपूर हवा दाखवायचा आणि दुपारी कमी. हातातलं पंख्याचं अ‍ॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं वेगळं यंत्र) मात्र दोन्ही वेळा तेच सांगायचं. ऑटोवर टाकलं की कंट्रोलर दुपारी उगाच पंखा पळवायचा, बिल हॉलमालकाला.

पुरवठादार म्हणाला, “साहेब, डक्टचा बेंड जवळ आहे.” बेंडजवळ रीडिंग चुकतं हे खरंच, पण बेंड काही सकाळ-दुपार जागा बदलत नाही! शेवटी एक सेन्सर फोडला. दुसरा थर्मिस्टर एपॉक्सीत चिकटवलेला, पाय कापलेले, आतल्या सर्किट बोर्डाशी संबंधच नाही. सर्टिफिकेटंही एकाच कागदाच्या झेरॉक्स, सगळ्यांवर एकच सिरियल नंबर. ती लॅब एनएबीएलच्या यादीतही नाही.

घेण्याआधी दुकानातच बघा. थर्मिस्टरचे पाय हाताला लागत असतील तर त्यांना मल्टिमीटर लावून थर्मिस्टर चिमटीत धरा. 10 किलोओहमच्या एनटीसीचा (तापला की रोध कमी होणाऱ्या थर्मिस्टरचा) रोध बोटांच्या उबेनं भराभर उतरतो. सीलबंद असेल तर प्रोबवर टोपी घालून हवा बंद करा आणि आधी गार जागी, मग उन्हात ठेवा. शून्याचं रीडिंग फारसं हलता कामा नये.

पैसे अजून अडकलेत. व्यवसायासाठी घेतलेला माल, म्हणून वकिलांनी ग्राहक आयोगाची वाट धरू नका म्हणून सांगितलं. नोटीस पाठवलीय, पण बिलावर त्यानं ‘इलेक्ट्रॉनिक स्पेअर्स’ एवढंच खरडलंय. तुम्ही मॉडेल, रेंज आणि कॉम्पेन्सेशन बिलावर लिहून घ्या. हाच गडी आता नवं बिलबुक घेऊन सिन्नरच्या कारखान्यांत फिरतोय, असं कानावर आलंय.