महारेराचा आदेश पटला नाही: ट्रिब्युनल की थेट हायकोर्ट?

महारेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांचे वाद ऐकणारं राज्याचं प्राधिकरण. त्याचा आदेश विरोधात गेला की दोन वाटा समोर येतात. एक, अपिलीय ट्रिब्युनल. दुसरी, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई हायकोर्टात रिट, म्हणजे प्राधिकरणाच्या आदेशाला थेट आव्हान देणारी याचिका. कुठे दाद लागेल हे वकील सांगतीलच. जिंकल्यावर त्यांची फी कोण भरणार, हे मात्र आपणच विचारावं लागतं. मी दोन्ही करून पाहिलंय. रिट एका वेगळ्याच नियामकाविरुद्ध होती, अपील उशिरा मिळालेल्या ताब्याच्या व्याजासाठी.

रिटचा रुबाब मोठा. स्थगिती लवकर मिळू शकते, समोरचाही जरा दबकतो. खर्चाचं म्हणाल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ हरणाऱ्याने खर्च द्यावा याच बाजूचं आहे. २००५ साली सेलम बारच्या निकालात सुप्रीम कोर्टानेही प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च मिळायला हवा असं म्हटलं. रिटमध्ये मात्र ते न्यायालयाच्या विवेकावर. माझी रिट मंजूर झाली, आणि आदेशाच्या शेवटी ‘नो ऑर्डर अ‍ॅज टू कॉस्ट्स’, म्हणजे खर्चाबद्दल काहीच आदेश नाही. इंग्लंडमध्ये फायझर आणि फ्लिन फार्मा या औषध कंपन्यांच्या प्रकरणात २०२२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, सार्वजनिक संस्था आहे एवढ्यावरून हरलेल्या नियामकाला खर्चातून आपोआप सूट मिळत नाही. आपल्याकडे नियामकाकडून खर्च मागायचा विषय काढला की वकीलच हसतात, निदान माझे हसले.

तेही एक वेळ सोसलं असतं. मला नकोसं झालं ते बोर्डाचं, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या यादीचं. आपलं मॅटर सत्तराव्या नंबरच्या पुढे, कोर्ट चाळिसाव्या नंबरच्या आसपासच उठतं. सकाळपासून कॉरिडॉरमध्ये उभे असलेले सगळे पुढची तारीख लिहून घेतात. कौन्सेलची, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाची, फी हजेरीची, त्यामुळे न झालेल्या सुनावणीचंही बिल येतं. माझ्या खर्चाचा मोठा भाग या अशा तारखांचा होता. खर्च मंजूर झाला असता तरी या हजेऱ्या त्यात धरल्या असत्या असं मला वाटत नाही.

ट्रिब्युनलमध्येही खर्चाचा भरघोस आदेश होतो असं नाही, ती आशा ठेवू नका. पण तिथे मुळात खर्चच आपल्या हातात राहतो. रेरा कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे स्वतः उभं राहता येतं, नाहीतर सीए किंवा कंपनी सेक्रेटरीला नेमता येतं. मी कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेतली आणि बोललो स्वतः. करारातली ताब्याची तारीख, प्रत्यक्ष ताबा आणि व्याजाचा तक्ता एवढंच तर दाखवायचं होतं. शिवाय बिल्डरने अपील केलं तर कलम ४३(५) त्याला आधी पैसे भरायला लावतं: दंडाविरुद्ध असेल तर किमान ३० टक्के, ग्राहकाला द्यायची रक्कम असेल तर व्याजासकट सगळी. ग्राहकाच्या अपिलाला ही अट नाही. मुदत ६० दिवसांची, तेवढी सांभाळा.

रिटमध्ये आणखी एक धोका असतो. अपिलाची सोय असताना इथे का आलात, असं विचारून ती परत पाठवली जाऊ शकते. मग दोन्हीकडचा खर्च. सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या व्हर्लपूल निकालातले अपवाद आहेत: तुमचं ऐकूनच घेतलं नसेल, किंवा प्राधिकरणाला अधिकारच नसेल, तर रिटचा विचार जरूर करा. तुमच्या प्रकरणात असं काही असेल तर माझा कौल बाजूला ठेवा. रक्कम, व्याज, तारखा यांचाच वाद असेल तर मी तरी ट्रिब्युनलच धरेन.

फक्त थोडे पैसे राखून ठेवा. कलम ५८ खाली बिल्डर दुसरं अपील घेऊन हायकोर्टात जाऊ शकतो. ते कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यापुरतंच असतं, पण तिथे स्वतः उभं राहायच्या फंदात मी पडलो नाही, वकील दिला.