ब्रोकेज म्हणून विकलेलं, व्हाइसमध्ये दाबलेलं नाणं

ब्रोकेज, म्हणजे टांकसाळीतल्या चुकीने एका बाजूला उलटा ठसा पडलेलं नाणं, म्हणून मला विकलेलं नाणं टांकसाळीत बिघडलेलंच नव्हतं. धड बाहेर पडलेल्या नाण्यावर दुसरं नाणं ठेवून कुणीतरी दोन्ही बेंच व्हाइसमध्ये (वस्तू जबड्यात आवळून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यात) आवळली होती. एरर नाणी, म्हणजे टांकसाळीत चुकून सदोष निघालेली नाणी, ऑनलाइन घेणाऱ्यांनी हा प्रकार नीट समजून घ्यावा, म्हणून सविस्तर लिहितोय.

खऱ्या ब्रोकेजमध्ये छापलेलं नाणं डायलाच (नाण्यावर छाप उमटवणाऱ्या साच्यालाच) चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला डायचा नेहमीचा ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचा, उलटा आणि खोलगट. चकती कोरी असल्यामुळे त्या खोलगट बाजूला आधीचं काहीच नसतं. माझ्या नाण्यावर मात्र भिंगातून पाहिल्यावर उलट्या ठशाच्या अधेमधे मूळ अक्षरांचे चेपलेले अवशेष स्पष्ट दिसले. मागच्या बाजूचे उंच भागही सपाट होऊन चकाकत होते, कारण ती बाजू व्हाइसच्या जबड्याला टेकलेली होती. विक्रेत्याने मागच्या बाजूचा फोटो शेवटपर्यंत दिला नाही. दिला तो वजनकाट्यावरचा व्हिडिओ! वजन अचूक होतं, पण दाबल्याने वजन बदलत नाही, त्यामुळे तो पुरावाच नव्हे. चुकीच्या धातूची किंवा चुकीच्या मापाची चकती असेल, तर वजन कामाला येतं. इथे ते फक्त विश्वास बसावा म्हणून दाखवलं होतं.

त्याच व्यवहारात ‘डबल डाय’ म्हणून आणखी एक नाणं गळ्यात मारलं. ‘असं दुसरं सापडणार नाही’ असं तो सांगत होता आणि खोटेपणा इथेच उघडा पडतो. खऱ्या डबल डायमध्ये दोष डाय तयार होतानाच येतो: हबचा (ज्यावरून डाय घडवतात त्या मूळ साच्याचा) ठसा डायवर एकापेक्षा जास्त वेळा दिला जातो आणि मधे जागा किंचित सरकते. मग त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी. अमेरिकेच्या 1955 च्या एक सेंटवर साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात. तीही एकाच डायची भावंडं. दोन्ही ठसे उठावदार आणि गोलसर असतात, अक्षरांच्या टोकांना खाच दिसते. माझ्या नाण्यावर अक्षराच्या कडेला एक सपाट, चकचकीत पायरी होती, अक्षर स्वतःच तेवढं अरुंद झालेलं. हे मशीन डबलिंग: छाप पडताना सैल डाय हलते आणि उठाव खरवडला जातो. संग्राहक त्याला जादा पैसे देत नाहीत.

कडेचा तुकडा नसलेली क्लिप नाणीही तो विकत होता. क्लिप खरी असेल, तर बहुतेकदा तिच्या बरोबर समोरची कडा कमी उठलेली असते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती पूर्ण भरलेली राहते.

मोठे केलेले फोटो पाठवून परतावा मागितला, तेव्हा ‘एरर नाणी परत घेत नाही’ एवढंच उत्तर आलं. तक्रारीनंतर त्याची जाहिरात काढली गेली, पैसे मात्र मिळाले नाहीत. पुढे तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा लागला. तीच ओरखड्याची रेघ आणि याही वेळी एकच बाजू. कुणी असं नाणं दाखवलं तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो तिरप्या उजेडात मागा, आणि देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.