कंडक्टर व्हायचंय: ऑपेराचा पियानो की सिम्फनीची सहायकी?

व्हायोलिन वाजवणारा दार लावून आठ तास रियाज करू शकतो. ऑर्केस्ट्राला ठोका देणाऱ्या कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोर बसलेली ऐंशी माणसं, ती घरी नेता येत नाहीत. म्हणून मार्ग निवडताना एकच गोष्ट बघा: वादक-गायकांबरोबर जास्त वेळ कुठे मिळेल?

पहिला मार्ग जुना, मुख्यतः जर्मन भाषक देशांतला. ऑपेरा हाऊसमध्ये रेपेटिटर, म्हणजे तालमीचा पियानोवादक, म्हणून लागायचं आणि गायकांच्या तालमींत पियानोवर अख्ख्या ऑर्केस्ट्राची जागा भरून काढायची. टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) आला नसेल तर त्याच्या ओळीही आपणच म्हणायच्या. हात पट्ट्यांवर, डोळा कंडक्टरच्या हाताकडे. प्रयोगात मंचामागच्या गायकांना ठोका द्यायचं कामही बऱ्याचदा सहायकांकडेच येतं. पुच्चीनीच्या 'तोस्का' या ऑपेरात, दुसऱ्या अंकात, असा प्रसंग आहे. मॉनिटरवर कंडक्टरचा हात दिसतो, पण नेमका त्याच्याबरोबर ठोका दिला तर प्रेक्षकांना गाणं मागे पडल्यासारखं ऐकू येतं, कारण आवाजाला पोचायला वेळ लागतो. ठोका किंचित आधी द्यावा लागतो. किती आधी, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. नामवंत कंडक्टर जॉर्ज शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात असेच घडले. तितकेच नामवंत कारायान यांनी 1929 पासून पाच वर्षं जर्मनीतल्या उल्मच्या छोट्या थिएटरात काढली.

मात्र पियानो पक्का हवा, स्कोअर, म्हणजे सगळ्यांचे सूर एकत्र लिहिलेली प्रत, समोर आल्याबरोबर वाजवता यायला हवा, जर्मन-इटालियनही हवं. आणि वर्षं जातात.

दुसरा मार्ग स्पर्धेचा आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या सहायकीचा. झुबिन मेहता यांनी 1958 साली लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली आणि तिथेच वर्षभर सहायक झाले. व्हेनेझुएलाचे डुडामेल 2004 मध्ये जर्मनीतल्या बाम्बर्गची स्पर्धा जिंकले, 2009 मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे प्रमुख झाले. ही नावं मोहात पाडतात. पण सहायकाचा बराचसा दिवस रिकाम्या सभागृहात स्कोअर मांडीवर घेऊन जातो: ट्रम्पेटखाली क्लॅरिनेट बुडतंय का ते ऐकायचं आणि मध्यंतरात सांगायचं. कान तयार होतो, हात होत नाही. 14 नोव्हेंबर 1943 ला कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि तिथले सहायक, पंचवीस वर्षांचे बर्नस्टाईन, तालमीशिवाय न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले. असा दिवस येईल या भरवशावर आयुष्य आखू नये.

वादकाच्या खुर्चीतूनही कुणी कंडक्टर होतं. पुढे थोर कंडक्टर झालेले टोस्कानिनी चेलोवादक होते, 1886 मध्ये रिओत ऐनवेळी 'आइदा' या ऑपेरासाठी कंडक्टर म्हणून उभे राहिले. पण हा योग झाला, मार्ग नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे: पियानो चांगला असेल तर ऑपेराच. लहान गावातलं थिएटर असलं तरी चालेल, किंबहुना बरंच. तिथे कंडक्टर कमी असतात, म्हणून आपली पाळी लवकर येते. स्पर्धा त्यानंतर, आणि वयाची अट बघून.

पियानो कच्चा असेल तर सहायकीसाठी अर्ज करा, पण तोवर हात रिकामा ठेवू नका. स्ट्राविन्स्कीच्या 'सैनिकाची गोष्ट'ला सातच वादक लागतात. तेवढे मित्र जमवा. त्यात मात्रा सारख्या बदलतात, त्यामुळे ठोका कुठे ढिला पडतो ते पहिल्याच तालमीत वादक तोंडावर सांगतील.